इतर अनोळखी इसम

परशरामला पोलिसांच्या केसमध्ये मी घातलं. पोलिसांनी नव्हे, मी. दहा बोटांनी, तीन कार्बन लावून, ऱ्हस्वदीर्घ तपासून. पोलिसांनी त्याचा फक्त हात मोडला होता, उरलेलं काम मी पुरं केलं.

संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, "आजी, दिवाळी अंक आहे, कोर्टाच्या दारातल्या गमतीजमती लिहा." गमती आहेत, त्याही लिहिते. पण हे आधी सांगून टाकलं. नाहीतर म्हशीच्या आणि नवराबायकोच्या गोष्टींत मी चार पानं भरवीन आणि परशरामपाशी आले की जागा संपली म्हणेन. मी मला चांगली ओळखते.

बेळगावात कोर्टाच्या कंपाउंडबाहेर माझं टेबल होतं. वर छत्री, टेबलावर दोन मशीन, एक मराठी टाइपरायटर आणि एक कानडी. कानडी मी हट्टानं शिकले, कारण "तुला ते जमायचं न्हाय" असं आमच्या यजमानांच्या तोंडून गेलं होतं. ते कधीच स्वर्गवासी झाले, मशीन अजून माळ्यावर आहे. मी अर्ज टाइप करून द्यायची. ज्याला वकील परवडत नाही, किंवा अजून वकिलापर्यंत जायची भीती वाटते, तो आधी माझ्याकडं यायचा.

अर्ज म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगते. वर ज्या साहेबाला द्यायचा त्याचं नाव. मग देणारा कोण, कुठला. मग काय झालं. मग काय हवं. खाली सही. एक प्रत साहेबाला, दुसऱ्या प्रतीवर त्या ऑफिसचा शिक्का मारून घ्यायचा, त्याला पोच म्हणतात. पोच मिळाली की माणसाचा चेहरा असा फुलतो की जणू निकालच लागला. पुढं त्या अर्जाचं काय होतं ते मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नाही.

ह्यात अवघड काय, तर "काय झालं" हा भाग. माणसं आजोबापासून सुरू करतात. बेळगुंदीचा एक शेतकरी आला होता, त्याच्या रताळ्याचे वेल शेजाऱ्याच्या म्हशीनं खाल्ले होते. मी शेजाऱ्याचं नाव विचारलं, तर म्हणाला, "त्याचं कशाला? तो चांगला माणूस हाय. म्हशीचं नाव लिवा."

"म्हशीविरुद्ध अर्ज होत नाही, आप्पा."

"का ओ? खाल्लंय तिनंच की!"

आणखी एक बाई, नवऱ्याला पत्र टाइप करून घ्यायला आली. चांगलं पत्र होतं, मोजकं आणि जळजळीत. शेवटी म्हणाली, "आता खाली लिवा, प्रत माहितीसाठी, कलेक्टर." कलेक्टरला ती पाठवणार नव्हती. नवऱ्यानं वाचावं एवढंच. महिन्यानं दोघं मिळून माझ्या टेबलावरून गेली, तो पिशव्या उचलून मागं मागं चालला होता.

त्या बाईकडून मी शिकायला हवं होतं की कागदावरचं एक वाक्य माणसाला किती हलवू शकतं. पण तेव्हा मी शिकण्याच्या पलीकडं गेले होते. डोळ्यांवर साखळीचा चष्मा, खळीची साडी, आणि गिऱ्हाइकाला मी 'पक्षकार' म्हणायची. वकील मंडळी मला मागून 'हायकोर्ट' म्हणायची, आणि मला ते कौतुक वाटायचं! एकदा माझा एक अर्ज इथल्या वर्तमानपत्रानं जसाच्या तसा छापला होता. ते कात्रण मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं, गिऱ्हाइकाच्या बाजूनं सुलट दिसेल असं. 'अमानुष', 'निर्घृण' आणि 'लोकशाहीला काळिमा फासणारे' हे तीन शब्द माझ्या बोटांना इतके पाठ होते की रेशनकार्डाच्या अर्जातसुद्धा घुसायला बघायचे.

असली बाई परशरामच्या वाट्याला आली.

आमच्याकडं राज्य कर्नाटक आणि घरात मराठी. हा वाद माझ्याच वयाचा आहे, आणि माझ्यासारखाच गुडघे धरून बसतो, उठतो, ओरडतो, परत बसतो. त्या वर्षी मोर्चाला परवानगी नाकारली होती. मोर्चा निघालाच. कुठून तरी दगड आला. कुणी मारला ते दोन्हीकडचे लोक आजही छातीठोक सांगतात, म्हणजे कुणालाच ठाऊक नाही. मग लाठीमार. माणसं शहापूरच्या बोळांतून पळाली, आणि पोलीस त्यांच्या मागं बोळांत शिरले.

परशराम वडगावचा विणकर. घरात दोन माग, साड्या विणायचा. त्या वेळी तो सायकलीच्या मागं सुताचं पोतं बांधून शहापुरातून घरी निघाला होता. पळणारे पुढं गेले. हा सायकल सोडून पळणार कसा? सूत दुसऱ्याचं होतं. त्यानं डोक्यावर हात धरला, आणि लाठी मनगटावर बसली. एक नाही, पुष्कळ. सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "कसं झालं?" दारात पोलीस उभा होता. परशराम म्हणाला, "पडलो." तसंच लिहिलं गेलं.

तिसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन माझ्याकडं आला. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

"आक्का, एक कागद करून द्या. मी मोर्चात न्हवतो म्हणून."

"बरं. आणि मारलं ते?"

"ते बी लिवा. पर आधी ते लिवा, की मी न्हवतो. बोळात लोकं म्हणालेत की पोलीस नावं काढाय लागलेत."

त्याची बायको सुमन एवढंच म्हणाली, "सूत आणाय गेलते ओ. पावती हाय माझ्याकडं." आणि तिनं पदराच्या गाठीतली पावती सोडवून टेबलावर ठेवली.

आता बघा. माणूस स्वतः सांगतोय काय लिहायचं. बायको पुरावा ठेवतेय. म्हशीविरुद्ध अर्ज मागणाऱ्या आप्पापेक्षा शंभरपट सरळ काम. चार ओळी. पण टेबलाभोवती माणसं जमली होती, आणि गर्दी जमली की माझ्या अंगात यायचं.

मी म्हटलं, "परशा, असा अर्ज कोण वाचणार? सायकलवरून जाताना मार बसला, असं तर रोज कुणीही सांगतं. त्याची चौकशी लागत नाही. मोर्चात शांतपणे चालणाऱ्या मराठी माणसाला मारलं, असं लिहिलं की साहेबांना उत्तर द्यावं लागतं."

"पर मी न्हवतो की तिथं."

"गप रं. तुला यातलं काय कळतं?"

हे मी म्हणाले. तीसेक माणसांसमोर.

मग मशीन खडखडलं. 'मी मराठी भाषिक असून, आमच्या न्याय्य हक्कांसाठी निघालेल्या मोर्चात शांततामय मार्गाने सहभागी झालो असता' अशी सुरुवात. पुढं माझे तिन्ही लाडके शब्द. सुताच्या पोत्याचा उल्लेख गाळला, कारण त्यानं वाक्याचा जोर कमी होत होता. पावती परत दिली. ऑफिससाठी कानडी प्रतही केली, तीही तेवढीच जोरदार. मग मी उभी राहून मराठी अर्ज वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. एकजण म्हणाला, "आक्का, काटा आला ओ." परशराम खाली मान घालून ऐकत होता. मग त्यानं डाव्या हातानं सही केली, शाळेतल्या पोरासारखी, वाकडी, ओळ सोडून.

पोच मिळाली. वर्तमानपत्रात त्याच्या प्लास्टरचा फोटो आला, खाली माझी वाक्यं. मी दुसरं कात्रण काचेखाली सरकवलं.

त्यानंतरचे दिवस सगळ्यांना ठाऊक आहेत, कारण ते दर काही वर्षांनी तसेच येतात. इकडं लाठी चालली म्हणून निपाणीच्या पलीकडं, महाराष्ट्राच्या हद्दीत, कर्नाटकच्या बसवर दगड पडले. तिकडं बस फुटली म्हणून इकडं मराठी पाट्यांना काळं लागलं. पाट्यांना काळं लागलं म्हणून आणखी दोन बस. प्रत्येकाला आधीचं माहीत होतं, त्याच्या आधीचं कुणाला आठवत नव्हतं.

आणि पोलीस परशरामला घेऊन गेले.

मी ठाण्यात गेले, तणतणत. तिथले रायटर, म्हणजे ठाण्यातलं लिखाण सांभाळणारे पोलीस, मल्लप्पा नावाचे होते. माझे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या बदलीचे तीन अर्ज मीच टाइप केले होते. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला.

"मल्लप्पा, तो माणूस मोर्चात नव्हता."

"आक्का, मला काय म्हाईत? मी न्हवतोच तिथं." त्यांनी फाईल फिरवून माझ्याकडं केली. "केस लिवली, त्यात सात नावं. आणि खाली काय लिवलंय? इतर अनोळखी इसम. वरचे साहेब रोज विचारतात, अनोळखी म्हणजे कोण? शोधा. आता गर्दीतला माणूस कुठं शोधायचा? तवर हे आलं." त्यांनी माझाच अर्ज काढला. "नाव, पत्ता, मी तिथं होतो असं स्वतः लिवून, खाली सही. कानडी प्रत बी जोडून. तुमचं काम लई चोख, आक्का. आमच्या पोरांना असं लिवता येत न्हाय."

ते टोमणा मारत नव्हते. खरंच कौतुक करत होते.

मी म्हटलं, "मी दुसरा अर्ज देते. पहिला चुकला म्हणून."

"द्या की. मग दोन अर्ज, दोन सह्या. साहेब कुठला खरा धरणार? त्यांना पायजे तो."

चहा मी प्याले. हेही लिहून ठेवते, कारण नंतर पुष्कळ दिवस मला त्याचीच लाज वाटत होती. नको म्हणायचं सुचलंच नाही.

परशराम बारा दिवसांनी जामिनावर सुटला. प्लास्टर तोवर भिजून, फुगून, वेळेच्या आधीच काढावं लागलं. मनगट वाकडं जुळलं. विणकराला ताकद फारशी लागत नाही, बोटं लागतात. मागावर धागा तुटला की चिमटीत धरून गाठ मारायची, दिवसात कितीदा तरी. त्याची चिमूट बसेना. सुमन एका मागावर उभी राहिली, दुसरा माग उभा तसाच राहिला. परशराम एका मंगल कार्यालयात राखणदार झाला.

त्याच सुमारास एका दुपारी माझ्यापुढं शांतव्वा येऊन बसली. हुक्केरीकडची. नवरा बसचा ड्रायव्हर, पलीकडं दगड पडले तेव्हा पुढची काच फुटून त्याच्या डोळ्यात गेली होती. ती कानडीत बोलली, मी इथं मराठीत लिहिते आहे.

"ह्यांनी कुणाला मारलं होतं, अक्का? ह्यांनी गाडी चालवली फक्त."

तिच्यामागं गळ्यात संघटनेचे पट्टे घातलेली चार माणसं उभी होती. आमच्याकडच्यांसारखीच, पट्ट्यांचा रंग तेवढा वेगळा. त्यातला एक म्हणाला, "चांगलं कडक लिहा. कन्नडिगाच्या रक्ताचा—"

"काय झालं ते ही सांगेल," मी म्हटलं. "तुम्ही चहा घेऊन या जा."

चार ओळी लिहिल्या. कोण, कुठं, काय लागलं, काय हवं. एक विशेषण नाही. शहाणपण असं दुसऱ्याच्या मनगटाच्या किमतीवर आलं होतं. वाचून दाखवलं तेव्हा ती माणसं नाराज झाली, आणि शांतव्वानं मान हलवली, हो, एवढंच झालं.

आणि त्या सरळ अर्जाचं तरी काय झालं? पोच मिळाली. डोळा गेला. डेपोत त्याला टायर मोजायला बसवलं. पलीकडच्या केसमध्येही 'इतर अनोळखी इसम' असंच लिहिलं होतं म्हणे, आणि ते शेवटपर्यंत अनोळखीच राहिले. तिकडं माझ्यासारखी हुशार टायपिस्ट नसावी.

वर्षं गेली. परशरामची तारीख असायची त्या दिवशी तो माझ्या टेबलावरून कोर्टात जायचा. थांबायचा नाही. डावा हात कपाळाला लावून नमस्कार करायचा आणि पुढं. मी म्हणायची, "परशा, बस की रं जरा." तो म्हणायचा, "पुकारा हुतोय आक्का." त्याच्या नावाचा पुकारा दुपारपर्यंत होत नसे, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

केसेस मागं घेणार, अशी घोषणा दर निवडणुकीला व्हायची. परशरामची केस मागं गेली नाही. ज्या सात जणांची नावं वर होती त्यातले दोघे नगरसेवक झाले.

शेवटी त्याच्या नव्या वकीलबाईंनी मला गाठलं. तरुण पोरगी, माझ्या नातीएवढी. म्हणाली, "आजी, त्याच्याविरुद्ध दुसरं काहीच नाही. फक्त तुमचं ते एक वाक्य. ते तुमचं होतं, त्याचं नव्हतं, एवढं साक्षीत सांगाल का?"

मी हो म्हटलं. बातमी फुटली. दोन दिवसांनी आमच्यातलेच एक पुढारी घरी आले, केळी घेऊन.

"आक्का, बीपी कसं हाय?"

"बरं आहे."

"वाढू शकतंय की साक्षीच्या दिवशी." हसले. मग खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "लाठीमाराचे बाकीचे अर्ज बी तुमच्याच मशीनवरचे न्हवं? त्या म्हातारीचं डोकं फुटलेलं, त्या भाजीवाल्याचं. तुम्ही एक खोटं म्हणालात की सगळ्यांवर शाई सांडली. एका माणसासाठी?"

खरं सांगते, त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्यामुळंच रात्रभर तळमळले. पण परशराम वर्षानुवर्षं माझ्यासमोरून कोर्टात जात होता, आणि त्याला तिथं मी पाठवलं होतं.

साक्षीच्या पिंजऱ्यात चढायला दोघांनी धरावं लागलं. चाळीस वर्षं त्या भिंतीबाहेर बसले, आत पहिल्यांदा उभी राहिले. ते वाक्य मी मनानं घातलं, हे सांगितलं. सरकारी वकील उठले.

"तुम्ही त्याला वाचून दाखवलं?"

"होय."

"मग त्यानं सही केली?"

"मी त्याला गप बसवलं होतं."

"म्हणजे तुम्ही खोटं लिहिता?"

"तेव्हा लिहिलं."

"त्या लाठीमारानंतर असे किती अर्ज लिहिलेत?"

"बाकीचे खरे होते."

"हे आम्ही कसं ओळखायचं, आजी?"

कोर्टात हसले सगळे. मीसुद्धा त्यांच्या जागी असते तर हसले असते. चांगला प्रश्न होता.

संध्याकाळपर्यंत मी सगळ्यांच्या मोबाइलवर पोचले होते. एका बाजूचे म्हणत होते, बघा, ह्यांच्या सगळ्या तक्रारी बनावट, त्यांचीच म्हातारी सांगतेय. दुसऱ्या बाजूचे म्हणत होते, म्हातारी फितूर, किती घेतले विचारा. सुनेनं मोबाइल काढून घेतला. नंतरही असे प्रसंग आले, टीव्हीवर चर्चा झडल्या. मी बघते. चार चौकोनांत चार माणसं ओरडत असतात, आणि मार खाल्लेल्याची भाषा कुठली हे कळल्याशिवाय एकालाही त्याचं वाईट वाटत नाही. पूर्वी मला वाटायचं, कुणी तरी नीट लिहिलं तर फरक पडेल. जोरात लिहून पाहिलं. सरळ लिहून पाहिलं. पिंजऱ्यात उभं राहून खरं सांगून पाहिलं. आता मला काही वाटत नाही.

परशराम सुटला. निर्दोष. तो मोर्चात होता हे सिद्ध झालं नाही. आणि ज्या अर्जात त्याला मारल्याचं लिहिलं होतं तो विश्वास ठेवण्याजोगा नाही, म्हणून मारहाणीची चौकशीही बंद झाली. बाकीच्यांच्या अर्जांचं तेच झालं. डोकं फुटलेली ती म्हातारी त्याआधीच वारली होती, तिला हे कळलं नाही एवढं बरं. दवाखान्याचा कागद म्हणतो पडला, निकालाचा कागद म्हणतो तिथं नव्हता. परशरामला कुणी मारलं, हे आता कुठल्याही कागदावर नाही.

निकालाच्या दिवशी मी कोर्टाबाहेर थांबले होते. टेबल तोवर मोडीत काढलं होतं, कट्ट्यावर बसले होते. तो आला आणि पहिल्यांदाच माझ्याशेजारी बसला. सुमन जरा लांब उभी होती, ती जवळ आली नाही.

मी म्हटलं, "परशा, शिव्या तरी दे रं मला. मला बरं वाटेल."

तो वाकडं मनगट चोळत म्हणाला,

"शिव्या कशाला देऊ, आक्का. तुम्ही वाचून दाखविलासा तवा मला लई ब्येस वाटलंतं. घरात पोरी इचारायच्या, बाबा, का मारलं ओ तुमाला? मला सांगाय येत न्हवतं. उगंच मारलं म्हणून कसं सांगायचं पोरींस्नी? तुमच्या कागदात मी कशासाठी तरी मार खाल्लेला व्हतो. आज जजसाहेबांनी ते बी काढून टाकलं बघा."